उभारी एकट्याने येत नाही : विद्यापीठ-महाविद्यालयांतले आपले कर्मचारी आणि कामाच्या ठिकाणचा आधार

भाईंदर पूर्वेच्या एका विहारात गेल्या वर्षावासात दर रविवारी धम्मग्रंथाचे वाचन चालायचे. एका रविवारी वाचन संपले, खीर वाटून झाली, महिला मंडळाच्या बायका सतरंज्या गुंडाळू लागल्या, तरी एक मुलगी जागची उठली नाही. ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवते. एम.ए., सेट उत्तीर्ण, घरातली पहिली पदवीधर. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाली, "ताई, उद्यापासून कॉलेजला जाऊच नये असं वाटतंय."

हळूहळू सगळे बाहेर आले. तीन महिन्यांचे मानधन अडकले होते. नॅकच्या फायलींचे काम तिच्याकडे होते आणि त्याचे पैसे वेगळे मिळत नव्हते. चहा पिता पिता कोणीतरी स्टाफरूममध्ये म्हणाले होते, "तुम्हाला काय चिंता, तुमची जागा राखीवच आहे." आणि त्याच आठवड्यात कॉलेजने 'तणावमुक्त जीवन' या विषयावर कार्यशाळा ठेवली होती. "वक्ते म्हणाले, प्रश्न बाहेर नसतो, मनात असतो. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या," ती सांगत होती. "मी श्वास घेतला ताई. पण मानधन काही आलं नाही."

श्वासावर लक्ष ठेवण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. ती आपलीच साधना आहे. पण थकलेल्या माणसाला फक्त 'मन घट्ट कर' असे सांगितले की त्याच्या थकव्याची सगळी जबाबदारी त्याच्यावरच येऊन पडते. माणूस संकटातून पुन्हा उभा कसा राहतो, यावर समाजशास्त्रात आणि मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. उभारी ही एकट्याच्या स्वभावात कमी आणि त्याच्या भोवतीच्या माणसांत व व्यवस्थेत जास्त असते, असे तो अभ्यास सांगतो. विद्यापीठ आणि महाविद्यालयांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या संदर्भात ही गोष्ट समजून घेण्यासाठी हा लेख.

कर्मचारी म्हणजे फक्त प्राध्यापक नव्हेत

विद्यापीठ म्हटले की डोळ्यासमोर प्राध्यापक येतात. प्रत्यक्षात विद्यापीठ चालते ते परीक्षा विभागातल्या लिपिकांवर, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा परिचरांवर, शिपायांवर, सुरक्षारक्षकांवर आणि पहाटे येऊन वर्ग झाडणाऱ्या सफाई कामगारांवर. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. आज मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. मीरा-भाईंदरमधलीही आहेत. २०११ च्या जनगणनेत ८ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या आपल्या शहरातली बरीचशी महाविद्यालये विनाअनुदानित आहेत. तिथे नोकरी म्हणजे वर्षावर्षाचा करार किंवा तासावर पैसे.

आपल्या वस्त्यांत या सगळ्या थरांतली माणसे राहतात. कोणी पहाटेच्या लोकलने निघून बोरिवली किंवा अंधेरीला गाडी बदलते, सांताक्रूझला उतरून बसने कलिनाला पोचते. कोणी काशीमीऱ्यातून रिक्षाने इथल्याच कॉलेजात जाते. प्राध्यापक, लिपिक आणि ठेकेदाराकडची सफाई कामगार रविवारी एकाच विहारात वंदनेला बसतात. सोमवारी कॉलेजच्या आवारात मात्र त्यांची एकमेकांशी ओळख असतेच असे नाही. या मुद्द्याकडे पुढे येऊच.

ताण कशाचा असतो?

'साहेबांना टेन्शन, शिपायाला कसले टेन्शन?' हे वाक्य आपण ऑफिसात नेहमी ऐकतो. अभ्यास नेमका उलटे सांगतो. १९६७ पासून लंडनमध्ये संशोधकांनी सुमारे १८ हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणून ओळखला जातो. हे सगळे एकाच शहरात राहणारे आणि पगारी नोकरी असणारे लोक होते. तरीही निरोपे, दारवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीतल्या माणसांत हृदयविकाराने मृत्यू होण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही हा फरक पूर्णपणे पुसला गेला नाही.

याचे एक उत्तर रॉबर्ट कारासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडले. कामात दोन गोष्टी पाहायच्या. एक, कामाचा भार किती आहे. दुसरी, ते काम कसे आणि केव्हा करायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला किती आहे. भार जास्त असला तरी हातात अधिकार असेल तर माणूस शिकतो आणि वाढतो. भार जास्त आणि अधिकार शून्य, अशी स्थिती सर्वांत घातक. पुढे १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी यात तिसरी गोष्ट जोडली, ती म्हणजे सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आधार. भार जास्त, अधिकार कमी आणि आधार नाही, अशा तिहेरी कात्रीत सापडलेल्या माणसाची तब्येत सर्वांत आधी ढासळते.

आता आपल्या सीएचबी शिक्षिकेकडे पाहा. वेळापत्रक दुसरा ठरवतो, पुढच्या वर्षी काम मिळेल का हे दुसरा ठरवतो, मानधनाचे बिल कधी निघणार तेही दुसरा ठरवतो. ठेकेदाराच्या सफाई कामगाराचे तर विचारूच नका. तिचा मालक नेमका कोण, ठेकेदार की कॉलेज, हेच तिला कोणी नीट सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तीही लक्षात घेण्यासारखी आहे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी ती अवस्था आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. 'उद्यापासून जाऊच नये' या वाक्यात ही तिन्ही लक्षणे असू शकतात. तेव्हा असे कोणी बोलले तर त्याला आळशी किंवा नाजूक ठरवू नका.

मुंबई विद्यापीठाने दाखवलेले चित्र

हा सिद्धांत वाटत असेल तर २०१७ चे वर्ष आठवा. त्या उन्हाळ्यातल्या परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय मुंबई विद्यापीठाने घेतला. पुरेशी तयारी, प्रशिक्षण आणि चाचणी न करता तो राबवला गेला. स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका सापडेनात, यंत्रणा मध्येच बंद पडू लागली, निकालाच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या. शेवटी जुलैमध्ये काही दिवस वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले. निकाल पुढचे काही महिने रखडले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केले.

यात विद्यार्थ्यांचे हाल झाले, ते वर्तमानपत्रांतून आले. पण खिडकीवर बसून रोज संतापलेल्या मुलांना आणि पालकांना तोंड देणारे लिपिक कोणाच्या लक्षात आले? निर्णय त्यांचा नव्हता, यंत्रणा त्यांनी निवडली नव्हती, उत्तर मात्र त्यांनाच द्यावे लागत होते. अर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये अशा कामाला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. आतून काहीही वाटत असले तरी चेहरा शांत ठेवणे, हाही नोकरीचा भागच असतो. पगारपत्रकात त्याचा रकाना मात्र नसतो.

आधार नसेल तर माणूस मोडतो. आधार एकत्र आला तर काय होते, तेही याच क्षेत्रात दिसले आहे. २०१३ मध्ये एमफुक्टो या प्राध्यापक महासंघाने फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९२ ते २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. शासनाने ७१ दिवसांचे वेतन रोखले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजना आणि सातव्या वेतन आयोगाची थकबाकी यांसाठी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि नंतर बेमुदत संप केला. या आंदोलनांमुळे विद्यार्थ्यांना त्रास झाला, हे खरे आहे. त्यावर मतभेदही असू शकतात. पण जी गोष्ट एकेका कर्मचाऱ्याला वर्षानुवर्षे 'माझे नशीब' वाटत होती, ती एकत्र आल्यावर 'आमची मागणी' झाली. हा बदल उभारीचाच आहे.

मात्र या दोन्ही लढ्यांच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने कायम सेवेतले कर्मचारी होते. सीएचबीवाल्यांचा आवाज अजून लहान आहे आणि ठेकेदाराच्या सफाई कामगारांचा तर जवळपास ऐकूच येत नाही.

उभारी म्हणजे काय?

इंग्रजी 'रेझिलियन्स' या शब्दाला लवचिकता, चिवटपणा असे प्रतिशब्द वापरतात. मला 'उभारी' हा आपला शब्द जास्त योग्य वाटतो. लवचिक माणसाने वाकत राहावे अशी अपेक्षा असते. उभारी घेतलेला माणूस उभा राहतो.

या विषयावरचा एक जुना आणि मोठा अभ्यास एमी वर्नर यांचा. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातले तंटे, आईवडिलांचे आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती माणसे झाली. त्यांच्यात काय वेगळे होते? इतर गोष्टींबरोबर एक गोष्ट वारंवार दिसली. आईवडील असोत, आजी असो, शिक्षक असो की शेजारी, त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहणारे किमान एक माणूस होते.

मग आधार म्हणजे नेमके काय द्यायचे? जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले. ते साधे आहेत आणि कामाला येतात. पहिला भावनिक आधार : ऐकून घेणे, विश्वास ठेवणे. दुसरा प्रत्यक्ष मदत : पैसे, वेळ, एखाद्या दिवशी तास घेणे, पाळणाघरातून मूल आणणे. तिसरा माहितीचा आधार : जाहिरात निघाली आहे, अर्ज असा करायचा, हा शासन निर्णय वाच. चौथा कामाची खरी पावती : तुझे काम कुठे चांगले आहे आणि कुठे कमी पडते हे प्रामाणिकपणे सांगणे. यातला एकच प्रकार देऊन भागत नाही. ज्याचे मानधन अडकले आहे त्याला नुसते 'मी तुझ्यासोबत आहे' म्हणून चालत नाही आणि जो आतून मोडला आहे त्याच्या हातात नुसता शासन निर्णय ठेवूनही चालत नाही.

सिडनहॅममधले हंगामी प्राध्यापक

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक रुजू झाले. नेमणूक हंगामी होती. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण पाठीशी होते, तरी स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकारी प्राध्यापकांनी आक्षेप घेतला. त्याआधी १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर असताना शिपाई लांबूनच फायली त्यांच्या टेबलावर टाकत. विद्यापीठीय कामाच्या ठिकाणचा छळ म्हणजे काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः भोगले आहे.

बाबासाहेबांबद्दल बोलताना आपण त्यांची जिद्द सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्या भोवतीच्या आधाराबद्दल आपण कमी बोलतो. हाउस यांचे चार प्रकार लावून पाहा. मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि त्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला जाताना सिडनहॅमच्या पगारातून साठवलेली रक्कम पुरेशी नव्हती. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांनी पैसे उसने दिले. रमाईंनी मुंबईतले घर कोणत्या हालात चालवले, ते आपल्या घराघरांत माहीत आहे. प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या विद्वानांना ओळखपत्र लिहून दिले. आणि प्रा. एडविन कॅनन यांनी, सगळी मते पटत नसतानाही, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. मतभेद राखूनही कामाचे मोल मान्य करणे म्हणजे काय, याचा हा नमुना आहे.

यामुळे बाबासाहेबांचे मोठेपण कणभरही कमी होत नाही. एवढ्या प्रचंड ताकदीच्या माणसालाही आधार लागला, तर मग आपल्या साध्या तरुणाने एकट्यानेच घट्ट व्हावे, ही अपेक्षा आपण कशी करतो?

आपल्या माणसांची खास अडचण

ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्यांना माहितीचा आधार जेवणाच्या ताटावर मिळतो. कोणती परिषद खरी, कोणते नियतकालिक बोगस, मुलाखतीत काय विचारतात, रजेचा अर्ज कोणाकडे आधी न्यायचा, हे सगळे त्यांना न विचारता कळते. पहिल्या पिढीच्या मुलामुलींना यातले प्रत्येक पाऊल चुकून शिकावे लागते. त्यांच्या चुकीकडे मात्र 'कोट्यातून आले की असेच' या नजरेने पाहिले जाते. त्यामुळे ती अडचण लपवतात. मदत मागितली तर आपण कमी पडलो असे सिद्ध होईल, ही भीती असते. भार तोच, पण आधार मागायचीही चोरी.

याची टोकाची किंमत आपण मुंबईतच पाहिली आहे. २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरने नायर रुग्णालयात आपले जीवन संपवले. निवासी डॉक्टर ही विद्यार्थीही असते आणि रुग्णालयाची कर्मचारीही. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपण आधीच तक्रार केली होती, असे कुटुंबीयांनी सांगितले. आधार म्हणून जी यंत्रणा असते ती वेळेवर जागी झाली नाही, तर काय होते, ते यातून समजून घेतले पाहिजे.

आता आवारातल्या ओळखीचा मुद्दा. आपल्यातले काही प्राध्यापक, अधिकारी कॉलेजच्या आवारात आपल्याच समाजाच्या शिपायाला किंवा सफाई कामगार ताईला ओळख दाखवत नाहीत. यामागे कधी अहंकार असतो, कधी आपली जात उघडी पडेल ही भीती. भीती मी समजू शकते. पण त्या ताईला झाडू हातात घेऊन उभे असताना काय वाटत असेल, याचाही विचार करा. एक 'जय भीम ताई' ही आधाराची सर्वांत स्वस्त सुरुवात आहे.

संस्थेने काय दिलेच पाहिजे

आधार म्हणजे उपकार नव्हे. त्यातला बराच भाग कायद्याने संस्थेवर बंधनकारक आहे.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची करतो. कायम, हंगामी, कंत्राटी, रोजंदारी अशा सगळ्या महिला त्यात येतात. तक्रार साधारणपणे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी तक्रार निवारण समितीची आणि सेवेतून काढण्यासारख्या कारवाईविरुद्ध दाद मागण्यासाठी विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाची तरतूद आहे. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अनुसूचित जातीतून धम्म स्वीकारलेल्या बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने तो आपल्यालाही लागू होतो. त्यासाठी जातीचा दाखला योग्य स्वरूपात हाताशी हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समता विनियम मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहेत. कर्मचाऱ्याने फक्त त्यावर विसंबून राहू नये.

ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ संस्थेवर येते, हे कामगार कायद्याचे जुने तत्त्व आहे. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर आपला यूएएन क्रमांक मागून घ्या आणि रक्कम खरोखर भरली जाते का, ते मोबाइलवर तपासा. बिंदुनामावली, रिक्त पदे याबद्दल माहिती हवी असेल तर विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालयांकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

विहार आणि तरुण मंडळे काय करू शकतात

तथागतांनी कल्याणमित्रतेला धम्मजीवनात अर्धे नव्हे तर पूर्ण स्थान दिले. आनंदाशी झालेला तो संवाद आपण अनेकदा ऐकतो. तो सोमवारच्या कामापर्यंत न्यायचा असेल तर काही साध्या गोष्टी करता येतील.

१. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक तास कर्मचाऱ्यांची बैठक ठेवा. वेळ सफाई कामगार ताईंना विचारून ठरवा, प्राध्यापकांच्या सोयीने नको. तिथे बोललेले तिथेच राहील, व्हॉट्सॲपवर जाणार नाही, हा पहिला नियम. समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत सल्ला द्यायचा नाही, हा दुसरा.

२. वस्तीतल्या जाणकारांची यादी करा. निवृत्त कार्यालय अधीक्षक, वकील, सेट-नेट झालेले, पीएफचे काम जाणणारे, समुपदेशक. बऱ्याच अडचणी एका योग्य फोनने सुटतात.

३. कागदाची सवय लावा. नेमणूकपत्र, वेळापत्रक, मानधनाची बिले, हजेरीच्या प्रती घरी ठेवा. अपमान किंवा छळ झाला तर त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेली माणसे वहीत लिहा. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवता येते. सहा महिन्यांनी शब्द आठवत नाहीत.

४. कोणालाही तक्रार द्यायला एकटे पाठवू नका. सोबत कोणीतरी प्रवेशद्वारापर्यंत तरी जावे.

५. बचतगटाच्या धर्तीवर छोटा आपत्ती निधी उभा करा. मानधन अडकलेल्याला बिनव्याजी हजार-दोन हजार मिळाले तरी रेल्वेचा पास निघतो. हिशेब लेखी आणि सर्वांसमोर असावा, नाहीतर निधीबरोबर नातीही तुटतात.

६. नव्या शिक्षकाची अनुभवी शिक्षकाशी जोडी लावा. निबंध वाचून दाखवणे, मुलाखतीचा सराव, चुका स्पष्ट सांगणे, हे काम त्यांनी करावे.

७. संघटनेत जा. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता आणि तो सवर्ण कामगारच पाळत होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. धडा स्पष्ट आहे. संघटनेत सामील व्हा आणि तिच्या आत सीएचबी, कंत्राटी आणि मागासवर्गीय कर्मचाऱ्यांचे प्रश्न लावून धरा.

कोणी फार खचलेले दिसले, जगण्याबद्दल निराश बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. टेली-मानस ही शासनाची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाणे ही कमजोरी नाही.

एक सावधगिरी

आधाराचा एक धोकाही आहे. आपण एकमेकांना इतके सांभाळून घेतो की संस्थेला काही बदलावेच लागत नाही. कोणाचे मानधन थकले की आपण वर्गणी काढायची आणि संस्थेने निवांत राहायचे, असे होता कामा नये. म्हणून प्रत्येक मदतीबरोबर एक प्रश्न विचारला पाहिजे : ही वेळ आली कोणामुळे आणि त्याला लेखी विचारले का? सांत्वन आणि अर्ज, दोन्ही एकाच बैठकीतून निघाले पाहिजेत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. वस्तीतल्याच एका निवृत्त अधीक्षक काकांनी तिचे कागद पाहिले. कार्यभाराच्या मंजुरीचा कागद पुढे गेलाच नव्हता, म्हणून बिल अडले होते. ती आणि आणखी तीन सीएचबी शिक्षक यांनी मिळून पत्र दिले. त्या तिघांतला एकही आपल्या समाजाचा नव्हता. ते सगळे तितकेच अडचणीत होते, फक्त एकमेकांशी बोलले नव्हते. दोन महिन्यांचे मानधन निघाले, एक अजून बाकी आहे. स्टाफरूममधल्या त्या वाक्याबद्दल तिने तक्रार केलेली नाही. वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे. नोकरी सोडण्याचा विचारही तिच्या डोक्यातून पूर्ण गेलेला नाही आणि तो तिचा हक्क आहे.

पण आता रविवारी ती शेवटपर्यंत एकटी बसलेली नसते. मागच्या बैठकीला ती कॉलेजातल्या सफाई कामगार ताईला सोबत घेऊन आली होती. त्या ताईचा यूएएन क्रमांक अजून मिळालेला नाही. पुढच्या बैठकीचे पहिले काम तेच आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.